निर्बंध, संवाद आणि कावेरीची बी. ए.

३ ऑगस्ट
ईश्वरीला बीडच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय मिळाला — "तालिबानशी जगानं कसं वागावं?" नात अकरावीत, विषय प्राध्यापकांना घाम फोडणारा! राज्यशास्त्र घेऊन बी. ए. मी झाले १९७८ साली. तेव्हा तयारी मीच करून घेणार. तीन पर्याय लिहून दिले — निर्बंध, संवाद, मान्यता.

हे दुकानातून आत डोकावले. "निर्बंध लावा, पण अंजीर येऊ द्या. लई खप हाय." यांचं परराष्ट्र धोरण म्हणजे सुकामेवा!

५ ऑगस्ट
"तिकडं पोरींना सहावीपुढं शाळा नाही," मी सांगत होते.

"कावून, आजी?"

"असल्या राजवटीत कावून विचारायची सोय नसते."

सून कावेरी भाकरी थापत होती. बारावी झालेली. म्हणाली, "आत्याबाई, मग मी विचारू का? मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरते. रविवारी बीडला वर्ग असतात."

नाही म्हटलं. रविवारी घर कोण बघणार?

नाही म्हणजे नाही. ही गोष्ट वेगळी आहे.

८ ऑगस्ट
तीन दिवस चहात साखर नाही. संपली म्हणे! किराणा दुकानदाराच्या घरात! मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले. चेहरा हलू दिला नाही.

ईश्वरीनं विचारलं, "निर्बंधांनी राजवट वाकते का?"

"मुळीच नाही. हाल होतात ते गरीब जनतेचे."

ह्यांनी कप पुढं केला. "जनता मी हाय. माझ्याकडं बगा."

१० ऑगस्ट
मुलगा रवि मध्ये पडला. "आई, बसून बोलू की." बसलो. मी बोलले. रवि उठून गेला.

१४ ऑगस्ट
साखर आली! कावेरी हसतमुख. आपण ठाम राहिलं की माणसं वळणावर येतात.

१९ ऑगस्ट
ईश्वरीचा दुसरा नंबर. शेवटचं वाक्य माझ्या कागदात नव्हतं — "बाहेरचे ठराव करत बसतात, आतल्या बाया तोवर परवानगी न मागता शिकत असतात." टाळ्या त्यालाच! कोणी लिहून दिलं? "मम्मीनं." वाक्य चांगलं होतं, कबूल.

११ मे
कपाट आवरताना हॉलतिकीट सापडलं. बी. ए., प्रथम वर्ष. कावेरीचं! आणि मला सांगायची — आई आजारी, म्हणून दर रविवारी माहेरी, दिंद्रुडला. ह्यांना विचारलं, तर हे छताकडं बघायला लागले. म्हणजे साऱ्या घराला ठाऊक!

उद्या दहाला पेपर. राज्यशास्त्र.

तिकीट होतं तिथं ठेवलं. कावेरीला एवढंच म्हटलं, "उद्या भाकऱ्या मी करते. माहेरी जाताना मूलभूत हक्क एकदा वाचून जा."