खाऱ्या विहिरीचा मालक

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

टक्, टक् — टक्! मिस टिडवेलची पट्टी. पहाटे त्याच आवाजानं जाग आली. नेब्रास्कातली ती एका खोलीची शाळा, बाई मेजावर पट्टीनं ठेका धरायच्या आणि आम्ही पोरं त्यावर कविता म्हणायचो. कुणी चुकलं की पट्टी थांबायची. त्या शांततेची अजून धास्ती वाटते!

सगळा जन्म त्या ठेक्यावर लिहीत आलो. आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं.

बायकोचा ठेका वेगळा. थेल्मा स्वयंपाकघरातून ओरडली, "ऊठ रे एमेट! टोस्ट गार झाला. त्या बाई येणार आहेत का वाढायला?"

५ फेब्रुवारी, बुधवार

लेखक संघटनेतून फोन. काळ्या यादीच्या वर्षांतले, म्हणजे डावे ठरवलेल्या लेखकांना काम बंद होतं तेव्हाचे, जुने चित्रपट पुन्हा तपासताहेत, खरा लेखक कोण ते ठरवायला. माझी 'खारी विहीर'ही त्यात आहे! फोनवरचा कॅप्लो तरुण, फार नम्र.

"सर, काही कागद आहे का? खर्डा, कार्बन प्रत?"

कागद! एकेक पान आम्ही सिंकमध्ये जाळलं. वॉशिंग्टनच्या समितीपुढं मी मित्रांची नावं घेतली नाहीत, आणि आठवड्यात स्टुडिओचा फाटकवाला मला ओळखेनासा झाला. तेव्हा ऑरिन पेल भेटला. विमा विकायला आला होता. उंच, तोंडात पाइप, आवाज विहिरीतून यावा तसा. माझ्यापेक्षा तोच लेखक दिसायचा! मी लिहायचं, त्यानं नाव द्यायचं, असं ठरलं.

"मग साक्षीदार तरी?" कॅप्लो म्हणाला.

बायकोची साक्ष धरत नाहीत; उरला एकच. तोच.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज खूप आठवतंय. हसूही येतंय.

दर रविवारी ऑरिन मागच्या दारानं यायचा. मी त्याची शिकवणी घ्यायचो. थेल्मा निर्माता व्हायची, तोंडात सिगारऐवजी गाजर. "काय हो पेल, ही बाई विहिरीच्या काठावर कविता कसली म्हणते? लोक झोपतील थिएटरात!" ऑरिननं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. अडखळला की स्टुडिओत पितळ उघडं पडणार, आणि त्याच्याबरोबर मीही बुडणार.

म्हणून मी त्याला सगळं दिलं. आमच्या शेतातली खाऱ्या पाण्याची विहीर. बाई, पट्टी. अकराव्या वर्षी मी केलेली ती कविता, जी पुढं नायिकेच्या तोंडी घातली —

विहीर खोल, दोर अपुरा,
तहान माझी सांगू कुणा?

तो घोकायचा. गुणी विद्यार्थी! एकदा निर्मात्यानं समोर बसून नवा प्रसंग लिहायला सांगितला, तर पोट धरून बाहेर पळाला आणि रस्त्यावरच्या फोनवरून मला विचारलं. मोठ्या लेखकांची पोटं नाजूक असतात, असं मग तिथं सगळे म्हणू लागले.

पुढं काळी यादी ढिली झाली, पण मला कुणी बोलावलं नाही. रविवार बंद झाले. भांडण नाही, काही नाही. भेटच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कॅप्लो आज ऑरिनशी बोलणार. सकाळपासून फोनजवळच बसलोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संपलं.

ऑरिन म्हणतो, चित्रपट त्यानंच लिहिला. नुसतं म्हणत नाही, पुरावे देतो! नेब्रास्का, खारी विहीर, मिस टिडवेल. कविता म्हणून दाखवली म्हणे, मेजावर ठेका धरून.

"इतकं बारीकसारीक सांगितलं त्यांनी, सर," कॅप्लो अवघडून म्हणाला. "खोटं वाटत नाही."

"अहो, ते माझं बालपण आहे!"

त्यानं विचारलं, "असं? म्हणजे तुम्हीही नेब्रास्काचेच?"

थेल्मानं कढई आदळली. "मेल्यानं नेब्रास्का नकाशात तरी पाहिलाय का!"

मीच शिकवलं. फार चांगलं शिकवलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑरिनच्या घरी फोन केला. मुलीनं उचलला, लॉर्ना. पूर्वी कधी बापाबरोबर आली तर आमच्या टेबलाखाली खेळायची.

"इतक्या वर्षांनी आठवण झाली? ते आजारी आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काढून घेताना काहीच वाटत नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, पोरी, त्या मिस टिडवेल माझ्या बाई.

"तुमच्या? मी त्या बाईंच्या गोष्टी ऐकत झोपायची! बाबांनी स्वतःचं म्हणून दुसरं काही कधी सांगितलंच नाही."

आणि फोन ठेवला.

दुसरं काही सांगितलंच नाही! कुठून सांगणार? क्लीव्हलंडच्या अनाथाश्रमात वाढला तो. एकदा मला म्हणाला होता, "तिथलं आठवण्यासारखं काही नाही रे." रिकाम्या घरात माझं सामान लावून राहिला, आणि घर त्याचंच झालं.

राग धरायला गेलो तर धरवेना. पण मग माझं काय उरलं? नाव मागायला निघालो होतो, बाईही गेल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसून ती कविता मोठ्यानं म्हणून पाहिली. आवाज ऑरिनचा येतो. खोल, ठाम. माझ्या तोंडी ती उसनी वाटते!

थेल्माला म्हटलं, कॅप्लोला कळवतो, राहू द्या.

"राहू द्या? त्या दिवसांत मी पोरांना पियानो शिकवून घर चालवलं ते 'राहू द्या' ऐकायला? तुझ्या थडग्यावर काय लिहू, 'हाही नेब्रास्काचाच'?"

मग एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. तिला रडताना फार वर्षांनी पाहिलं.

गुरुवारी संघटनेच्या समितीचा निर्णय. पण मी कळवणारच. दमलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी कॅप्लोचा नंबर फिरवत होतो, तेवढ्यात मागचं दार वाजलं.

ऑरिन! अंगावर चुरगळलेला कोट, पायात घरातल्या सपाता. मागं लॉर्ना, धापा टाकत. "माफ करा, सकाळपासून एकच धोशा, एमेटकडे ने. रस्ता त्यांनीच दाखवला."

तो सरळ आत येऊन टेबलाशी बसला. "लवकर सांग रे एमेट. उद्या बैठक आहे. विहीर खारी का? ते विचारणार, आणि माझ्या काही लक्षात राहत नाही."

लॉर्ना उंबऱ्यातच थबकली. "बाबा, अहो, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"तू जरा गप गं," ऑरिन म्हणाला. "लेखकाला बोलू दे."