माही माय भाजी ऐकते

१७ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीनंतर वर्गाला मरगळ आलीय. चौथीची अकरा पोरं, त्यातली तीन कापूस वेचायला. मी मराठी शिकवते आणि मलाच जांभया येतात. काल बसून मोबाइलवर फुकटची साधनं शोधली. चित्रकोडी, नावांचं गरगर फिरणारं चक्र, आणि आपण बोललेलं लिहून दाखवणारं एक. शाळेचा टीव्ही अजून तरी चालतो. जोडून बघते. बावीस वर्षं खडू घासला, आता हे.

१८ नोव्हें., मंगळ
चक्र फिरलं की पोरं श्वास रोखून बसतात. घंटा झाली तरी उठेनात! रेणूसुद्धा सतरंजीवरून उठून टीव्हीपुढे येऊन उभी राहिली. पहिलीपासून वर्गात तोंड उघडलं नाही पोरीनं. घरी बोलते म्हणे. शाळेत मान हलवते, बस्स. आई परतवाड्याच्या बाजारात भाजी विकते. 'यंदा रेणूला बोलतं करायचंच' असं जूनमध्ये याच वहीत लिहिलंय. आत्ता पानं उलटून पाहिलं. खाली दोन रेघा ओढल्यात.

२० नोव्हें., गुरु
विषय 'माझे कुटुंब'. आज बोललेलं लिहिणारं साधन. चक्र नेमकं रेणूच्या नावावर थांबलं. मी परत फिरवणार होते, तर ती आपणहून उठली. मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि बोलली. खणखणीत.
"माही माय भाजी इकते."
टीव्हीवर उमटलं – माही माय भाजी ऐकते.
असा हशा पिकला! "भाजी काय सांगते व रेणू तुह्या मायले?" "वांगं गाणं म्हणते काय?" पोरं सतरंजीवर लोळली.
मीही हसले. लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या स्वतःला सांगेन की हसले नव्हते.
रेणूनं मोबाइल टेबलावर ठेवला. अगदी हळू.

२१ नोव्हें.
आज मानसुद्धा हलवली नाही तिनं.
मुख्याध्यापकांनी काल दारातून व्हिडिओ काढला होता, तो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. टाळ्याच टाळ्या. 'वर्ग जिवंत झाला!' 'मुलं किती रमलीत!' रमलीत. एक पोरगी सोडून, आणि ती त्यात पाठमोरी आहे.
केंद्रप्रमुखांचा फोन. पुढच्या शिक्षण परिषदेत तुम्हीच सादरीकरण करा, मॅडम. हाच व्हिडिओ दाखवा.
हो सर म्हणाले. नेहमीसारखंच.

२३ नोव्हें., रवि (अकोला)
आईकडे. दारातच, "काहून व, इतकी सुकली?" ते साधन आईपुढे धरलं. 'कानून व' असं लिहिलं त्यानं. आईला दाखवलं नाही.
त्या साधनाला तरी काय बोल लावू? रेणूच्या वहीतल्या प्रत्येक 'मले'वर लाल गोल कोणी केले? डी.एड.ला गेले तेव्हा मीही 'मले' म्हणायचे. वसतिगृहातल्या मुली खिदळल्या, दोन महिन्यांत 'मला' झालं. नंतर घरीही तेच. आई तेव्हा काही बोलली नव्हती. तिला काय वाटलं होतं, ते आज विचारणार होते. जेवताना तीनदा तोंडापर्यंत आलं, नाही विचारलं.

२६ नोव्हें., बुध
रेणू सोमवारपासून गैरहजर. शाळा सुटल्यावर बाजारात गेले. आईच्या शेजारी पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून उठली आणि गाड्यामागे गेली.
मी तिच्या आईला सगळं सांगितलं. मीही हसले, तेसुद्धा. बाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसायलाच लागली.
"म्हून काय! चार दिसापासून मले माय नाही, 'आई' म्हणून राहिली ते. पह्यल्यांदा म्हणली तं मी मांगं वळून पाह्यलं, कोणाले आवाज देऊन राहिली म्हणून."
हातातली जुडी बांधून तिनं बाजूला ठेवली.
"चांगलंच हाय न मॅडम. तुमच्यावानी बोलन. आमचं तं गेलं असंच." मग, "सांभार न्या, ताजा हाय. पैसे नका देऊ." रेणूला उद्या पाठवते म्हणाली.
कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आले. निवडवेना.

२८ नोव्हें., शुक्र
रेणू कालपासून येते आहे. आज टीव्ही बंद ठेवला. ठरवून गेले होते, वऱ्हाडीतच बोलायचं. म्हटलं, "मले सांगा, तुमच्या घरी कोण कोण आहे?"
पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग पहिल्या ओळीतली एक, अगदी मायेनं, "मॅडम, तुमी चुकून राहिल्या. 'मला' म्हणा."
सगळे हसले. रेणू नाही.
किती पक्कं शिकवलंय मी!

२ डिसें., मंगळ
केंद्रप्रमुखांना फोन केला, तो व्हिडिओ नको, असं मी सांगितलं. "अहो, पत्रिकेत नाव गेलं तुमचं. आणि त्यात वाईट काय आहे?" समजावत होते मी. मग त्यांना दुसरा फोन आला. परिषद शनिवारी.

४ डिसें., गुरु
'माझे कुटुंब' लिहून आणायला सांगितलं होतं. रेणूची वही. सुबक अक्षर, समास सोडलेला.
'माझी आई भाजी विकते.'
एकही चूक नाही. जवळ बोलावलं, हळूच म्हटलं, वाचून दाखवतेस? फक्त मला. वहीकडे पाहत राहिली. मान हलवली. नाही.
बाकीच्या सात वह्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या. हिच्या वहीवर हातच उठेना. तशीच पिशवीत घालून घरी आणलीय. उद्या तिला परत द्यायची आहे.