माझ्याच गाऱ्हाण्याला माझा होकार

मिठबाव, मार्गशीर्ष, मंगळवार संध्याकाळ

आज कॉलेजातली एक मुलगी देवापुढचे गाऱ्हाणे रेकॉर्ड करायला घरी आली. बाबा गेल्यापासून देवळात ते मीच घालतो. पहिले मागणे मागितले आणि सवयीने थांबलो.

"काका, थांबू नका, सलग म्हणा."

"गो बाय, समोरसून 'व्हय म्हाराजा' इला नाय तर माका फुडचा आठवणा नाय."

होकार द्यायला शेजारच्या बाबल्याला हाक मारली. तो पडवीतूनच ओरडला, "देवाक सांग, माझे पावणे जेवक बसलेत!"

मग प्रत्येक मागण्यानंतर मीच हळू आवाजात होकार दिला. मुंबईला गेलेल्या लेकरांना सांभाळ. व्हय म्हाराजा. वाडीतली बंद घरे उघडू देत. व्हय म्हाराजा. ती म्हणाली, छान झाले.

छान कसले? मागणारा मी, आणि सगळ्या वाडीच्या वतीने हो म्हणणाराही मीच. देवाला हे चालले असेल का? की एकट्याचे म्हणून त्याने ऐकलेच नसेल?

उद्या देवळात जाऊन चुकीची माफी मागायची. पण तेही गाऱ्हाणेच घालावे लागणार. त्याला तरी व्हय कोण म्हणणार?