उपाशी गाठ

२० डिसेंबर १९९९
आजपासून रोजनिशी. संशोधकाला हवीच. पुण्याहून एका नव्या शोधनिबंधाची झेरॉक्स आली. पेशी उपाशी राहिली की स्वतःचेच भाग खाते, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत ही सवय कमी आढळते. श्रीरामपुरात हे वाचलेला झूऑलॉजीचा प्राध्यापक मीच. स्टाफरूममध्ये समजावून सांगितलं. सगळे तोंड उघडं ठेवून वडापाव चघळत होते. किळस आली.

२१ डिसेंबर
बायको सत्यशीला म्हणते छातीत गाठ लागतेय, दिवाळीपासून. तेव्हाच का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणे सांगितलं होतं, मी पेपर तपासत होतो. सत्यशीलाची स्मरणशक्ती! असो. घरातच केस मिळाली. शोधनिबंध नक्की.

२२ डिसेंबर
उपचार ठरला. तीन दिवस नुसतं कोमट पाणी. गाठ स्वतःलाच खाऊन टाकेल. मीही सोबत उपास करणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
स्टँडवर भजी खाल्ली. तुलनेला एक जेवलेला माणूस लागतोच. तेल काळंकुट्ट. शिसारी.

२४ डिसेंबर
भाकरी थापताना सत्यशीलाला चक्कर आली. भाकरी माझी होती. तिची थोरली बहीण केशरबाई न विचारता घरात घुसली, तिला दूध-भाकरी चारली, प्रयोगाची माती केली आणि तिला नगरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी गेलो नाही. दवाखान्याच्या वासानं मळमळतं. शिवाय निबंधाची प्रस्तावना बाकी होती.

२८ डिसेंबर
रिपोर्ट आला. कॅन्सरच. परवा ऑपरेशन. झेरॉक्स घेऊन डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांनी शांतपणे वाचली. म्हणाल्या, "सर, उपाशी पेशी स्वतःला खाते ती बऱ्याचदा तग धरायला, मरायला नाही. आणि तुम्ही गाठीला नाही, बाईंना उपाशी ठेवलंत."
डॉक्टरीणबाईंचं वाचन कमी. झेरॉक्स घडी करून खिशात घातली.

३१ डिसेंबर
ऑपरेशन काल नीट झालं म्हणे. मी खाली गेटवरच होतो, वर फिनेलचा फार वास. आज नाकाला रुमाल लावून गेलो. खाटेला लटकवलेला कागद वाचला. जवळचे नातेवाईक: केशरबाई, बहीण. काय हा गलथानपणा. नर्सला म्हणालो, चुकलंय, नवरा लिहा.
सत्यशीलानं डोळे न उघडता सांगितलं, "चुकलं न्हाई. मीच सांगितलं तसं लिव्हायला."
नर्स म्हणाली, भेटायची वेळ फक्त नातेवाइकांना.
बाहेर बाकावर बसलोय.