सोनाळ्याचं स्थळ आणि माझी शिट्टी

तीर्थस्वरूप सौ. अन्नपूर्णाआत्यास,

धाडहून उद्धवचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे वाकता येत नाही, तेव्हा सध्या हा नमस्कार उभ्यानेच केला आहे. उरलेला लोणारला येऊन पुरा करीन.) डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला अंगणात बसून समोरच्या घरातल्या भाजीत कोथिंबीर घातली की नाही तेही दिसतं, असं कळलं. फार आनंद झाला. समोरच्यांना झाला की नाही ते मात्र कळलं नाही. आतोबांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, तेल चोळताना टीव्ही बघत जाऊ नका, मागच्या वेळी ते चांगल्याच गुडघ्याला चोळत बसले होते.

फोनवर तुम्ही म्हणालात, "हाव का नाही, एका शब्दात सांग." आत्या, एका शब्दात सांगायलाही तो शब्द उच्चारण्यापुरती जागा लागते. मी तोंड उघडलं की तुम्ही "तेच म्हणून राह्यले मी" म्हणून पुढचं स्वतःच बोलता. म्हणून हे पत्र. तुम्ही भागवतरावांना शब्द दिला आहे की येत्या रविवारच्या आत मुलाचं उत्तर कळवते, हे माझ्या ध्यानात आहे. त्यांच्या रेणुकाचं स्थळ तुम्ही किती खटपटीने आणलं आणि माझ्यासाठी याआधीची किती स्थळं आणून दमलात, हेही ध्यानात आहे. उत्तर देतोच. पण आधी सोनाळ्याला काय घडलं ते माझ्या तोंडून ऐका, कारण भागवतरावांनी तुम्हाला काही वेगळंच सांगितलं असणार.

सगळ्याचं मूळ तुमच्या सल्ल्यात आहे. "पांढरा शर्ट अन् पांढरी पँट घाल, रंग उजळ दिसते," असं तुम्ही बजावलंत. मी मानलं. धाडहून बुलडाणा आणि तिथून जळगाव जामोदची गाडी. पांढरे कपडे घालून एसटीने जिल्ह्याचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला घरबसल्या कळायचं नाही. राजूर घाट संपेपर्यंत मी सीटला पाठ टेकवली नाही. (पाठ धरली ती तिथेच.) शेजारी कडूबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मोताळा येईपर्यंत माझं गाव, नोकरी, पगार आणि जमीन विचारून घेतली आणि मग मुद्द्यावर आले. "लगन झालं का?" मी म्हटलं, नाही. "काऊन?" मी म्हटलं, राहून गेलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "राहून जायले ते काय छत्री हाय?" त्यावर अख्खी गाडी हसली. कंडक्टरने तर तिकिटं फाडायची थांबवून मागच्यांना पुन्हा सांगितलं. मला राग आला नाही. प्रवासात माणसाने सगळ्यांच्या उपयोगी पडावं.

पुढे काळीपिवळीतून सोनाळ्याला उतरलो तर स्टँडवर छातीला बिल्ले लावलेली मंडळी उभी. मला बघताच एकजण पुढे धावला. "या साहेब, बुलडाण्याहून आले ना? समदे तुमचीच वाट पाहून राह्यले." मी बुलडाण्यावरूनच आलो होतो आणि वाट पाहिली जाणार हेही ठरलेलंच होतं. मी मान डोलावली. डफडं वाजू लागलं. आत्या, मुलगी पाहायला मी याआधीही गेलो आहे, पण इतक्या थाटात कुणी नेलं नव्हतं. पुढे मोठा मंडप, दोन्हीकडे गाव लोटलेलं. मला टिळा लावला, फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. लाउडस्पीकरवर माझ्या येण्याने गावाची शोभा वाढल्याचं जाहीर झालं. मी मनात म्हटलं, अन्नपूर्णाआत्याने या लोकांना आपल्याबद्दल सांगितलं तरी काय आहे! मग कुणीतरी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली.

तुम्ही म्हणाल, तिथे तरी विचारायचं. पण सत्काराची शाल खांद्यावर, फेटा डोक्यावर आणि नारळ हातात असताना "हे सगळं कशासाठी?" असं विचारणारा माणूस आपल्या जिल्ह्यात अजून व्हायचा आहे. सत्कार घेतला की पुढे जे येईल ते घ्यावं लागतं. भाषण आलं तर भाषण, शिट्टी आली तर शिट्टी. शिवाय मला वाटलं, भागवतरावांचं घर खेळाचं शौकीन आहे (तुम्हीच सांगितलं होतं की मुलगी शाळेत खेळ शिकवते आणि भाऊ गजेंद्र कबड्डीत नावाजलेला), तेव्हा होणाऱ्या जावयाची परीक्षा घेण्याची त्यांची ही रीत असावी. कुणी पोहे देतं, कुणी कबड्डी. कबड्डीचे नियम मला तोंडपाठ आहेत. खाटेवर पडून टीव्हीवर मी एकही सामना सोडलेला नाही.

सामना होता सोनाळा आणि शेजारच्या गावाचा, आणि तोही अंतिम. मी बरा चालवला. दोनदा शिट्टी उशिरा वाजली आणि एकदा नारळ हातातून सुटून मैदानात गेला, पण तो कुणाच्याही पायाखाली आला नाही. शेवटची चढाई आली तेव्हा गुण बरोबरीत होते. चढाईला गजेंद्र. तो गेला, कोपऱ्यातल्या गड्याला शिवला, उडी मारून रेषेवर परत आला. गाव नाचायला लागलं आणि मी शिट्टी वाजवली. दम तुटला. गुण शेजारच्या गावाला. डफडेवाल्याने डफडं हळूच मागे लपवलेलं मला दिसलं. मी निर्णयावर ठाम राहिलो. तेवढ्यात खऱ्या पंचांची मोटारसायकल पंक्चर काढून येऊन पोहोचली. तेही पांढऱ्या कपड्यांत होते. त्यांनी माझ्या फेट्याकडे पाहिलं, मी त्यांच्या शिट्टीकडे पाहिलं, आणि मग दोघांनाही उलगडा झाला. मंडळाने बैठक घेतली आणि अंतिम सामना येत्या रविवारी पुन्हा खेळवायचा ठरलं. शाल आणि फेटा परत घेतला. नारळ राहू दिला.

भागवतराव मात्र खरोखर मोठ्या मनाचे. मी कोण हे कळल्यावर ते हसत सुटले आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले. पोहे झाले, शेंगदाणे सढळ होते. गजेंद्र समोर बसून माझ्याकडे बघत होता, पण बघण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. मैदानात टोपी घालून गुण लिहायला बसलेल्या बाई त्याच रेणुका, हेही तिथे मला समजावून सांगण्यात आलं. रीतीप्रमाणे आम्हा दोघांना मागच्या अंगणात बोलायला सोडलं. तिने नियमासंबंधी एक प्रश्न विचारला, मी नियमाला धरून उत्तर दिलं. ती "बरं" म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. पाणी तिच्या काकूंनी आणून दिलं.

आता उत्तर. आत्या, माझं चाललंय ते काय वाईट आहे? दिवसभर शाळेतली कारकुनी. संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल. (मी खेळत नाही, बाहेर गेलेला बॉल आणून देतो. पण त्यालाही धावावं लागतं.) घरी आलो की खिचडी. मीठ कमी पडलं तर बोलणारं कुणी नाही, जास्त पडलं तर दही आहे. पलंगावर तिरपा झोपतो. कसोटी सामना पहिल्या चेंडूपासून बघतो आणि मध्ये झोप लागली तर "बघत नाही तर बंद करते" म्हणून कुणी उठवत नाही. धाडच्या बाजारात मनाला येतील ती वांगी घेतो आणि ती किडकी निघाली तर स्वतःलाच माफ करतो. मनात आलं की पिशवी उचलून एसटीत बसावं, मनात आलं की उतरावं, असं ज्याला करता येतं त्याने उगीच दुसऱ्याचा जीव कशाला गुंतवावा? मी सुखात आहे, आत्या. हे मी रुसून लिहीत नाही. तेव्हा भागवतरावांना कळवा की मुलगी गुणी आहे, घर चांगलं आहे, पण आमच्या उद्धवची लग्नाची इच्छा नाही. तुमचा शब्द राहील आणि मीही मोकळा होईन.

आतोबांना नमस्कार. लोणच्याची बरणी रिकामी आहे, पण त्याची आठवण करून देण्यासाठी हे पत्र नाही.

तुमचा आज्ञाधारक (एवढी एक गोष्ट सोडून) भाचा,
उद्धव

ता. क. वरचं उत्तर भागवतरावांना लगेच कळवू नका. पाकीट चिकटवताना आठवलं, म्हणून लिहिलं.

आणखी एक. मुळीच कळवू नका. पाकीट मी पुन्हा फोडलं आहे. शाळेत येत्या शनिवारची रजा टाकली आहे. सोनाळ्याला त्या सामन्याला जाणार आहे, प्रेक्षकांत जमिनीवर बसणार आहे, निळा शर्ट घालणार आहे. पण त्याआधी तुम्ही आतोबांना घेऊन एकदा जाऊन या, कारण तिकडून नकार येणार हे मला तुमच्याआधी माहीत आहे. अंगणात रेणुकाने नियमाचं काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "खरं सांगा, गजादादाचा दम तुटला होता?" मी म्हटलं, हो, मी स्वतः ऐकलं. पंचाचा रुबाब होता ना डोक्यात, फेटा काढून घेतला तरी. ती "बरं" म्हणाली ते ऐकूनच मला कळलं की हिला माझं खोटं समजलं, आणि आपल्या हातून काहीतरी फार चांगलं निसटलं. त्या दिवसापासून खिचडी गोड लागत नाही आणि पलंग उगाच मोठा वाटतो.

अगदी शेवटचं. लिहिताना फार वळणं घेतली, आता आपल्या बोलीत सांगतो. आत्या, मले ते पोरगी लय आवडली. माह्यासाठी एवढं करा, तिले एकटीले बाजूला घ्या अन् सांगा का उद्धव खोटं बोलला. त्यानं काही आयकलं नव्हतं. चढाई सुरू झाली तवा तो गजेंद्राकडं पाहतच नव्हता. गुण लिहिणाऱ्या टेबलाकडं पाहून राह्यला होता. तिथं ती भावासंगं स्वतःचाबी दम धरून बसली होती, गाल फुगवून, पेन तसाच हातात. लोकायनं गलका केला अन् दचकून याच्या तोंडातली शिट्टी वाजली, एवढंच झालं. तिले म्हणा, गजेंद्राचा दम तुटला का नाही ते उद्धवले खरंच ठाऊक नाही. तुहा तुटला नव्हता, एवढं तो कोणाच्याबी समोर सांगाले तयार हाय.