सव्वा मूठ पुनाच्या नावानं

७ जुलै

हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मित्रांनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. मोठ्या पडद्यावाल्यांना अख्खा खेळ मिळतो आणि आपल्याला कापून-छाटून उरलेला. आकाशातले ढग गेलेले, बाजारातली माणसं गेलेली, जाहिरात मात्र तीच. मी, धुळ्याची प्रज्ञा, हे मुकाट्यानं सोसणार नाही. ‘सव्वा मूठ’ हा भयखेळ मोठ्या यंत्रावरून तुमच्या छोट्या यंत्रावर आणायला आजच एसटीनं जळगावला आले. खेळाचा कर्ता हितेंद्र म्हणाला, काम करताना रोजनिशी लिही, खेळासोबत लोकांना वाचायला देऊ. तर पहिलीच नोंद ठणकावून करते: या खेळातून एकही माणूस गळणार नाही.

राहायला मेहरूणमध्ये हितेंद्रच्या मावशीकडे, सुगंधाबाईंकडे, वरची खोली मिळाली. खेळातलं घर हेच, हुबेहूब. ओट्यावर म्हातारे पुना आबा बसले होते. अमळनेरकडचे, या घरच्या शेतावर राबलेले जुने सालदार. शेत गेलं, ते राहिले. काठी टेकवत त्यांनी विचारलं, "काय नाव शे तुनं, बेटी?" मी सांगितलं. जिभेला जड आहे म्हणाले, पण लक्षात ठेवतो.

११ जुलै

इकडे श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. हितेंद्रचा खेळ त्यावरच उभा आहे. मूठ काढताना खेळातली मावशी विचारते, आणखी कुणाच्या नावानं? खेळणाऱ्यानं नावं लिहायची. ज्याचं नाव राहिलं, तो दार वाजवत येतो. मग लपा, पळा, जमलं तर जगा.

सुगंधाबाईंना मी सुनावलं, दळायला बाया आणि मोजायला पुरुष, हे कुठलं गणित? माझ्या आजीची वस्ती गावानं कधी मोजणीत धरली नाही, म्हणून मोजणीचं नाव निघालं की माझा आवाज चढतो. त्या हसल्या. पुना रक्ताचा नाही तरी त्याची मूठ मी काढतेच, म्हणाल्या, यंदा तुझीही काढते, मग तरी गप्प बसशील. हितेंद्रनं तर खेळातल्या वरच्या खिडकीत मला भाडेकरू म्हणून उभंच करून टाकलं.

पुना आबांनी हळूच विचारलं, "खेयमा मी शे का?" म्हटलं, आहात की, ओट्यावर. मग तिथं मी काय करतो, म्हणाले. नुसते बसता. "मंग बराबर शे," म्हणाले आणि खोकला लागेपर्यंत हसले.

१८ जुलै

छोट्या यंत्राची मेमरी पुरत नाही. ओट्याचा प्रसंग अडखळतो. हितेंद्र म्हणाला, काहीतरी काढावं लागेल. दार काढता येत नाही, देव्हारा काढता येत नाही. मीच म्हणाले, पुना आबा. मग मी भाषण केलं, आणि चांगलं केलं. ज्याला प्रसंगात काम नाही, त्यानं जागा अडवू नये. कॉलेजात कुणी हे वाक्य बोललं असतं तर मी त्याला व्यासपीठावरून खाली उतरवलं असतं. हितेंद्रनं मान डोलावली. आबांना मी माझ्या हातानं पुसलं. खेळ सुरळीत धावू लागला. मला आनंद झाला, हेही लिहिते.

संध्याकाळी आबांच्या शेजारून मान खाली घालून वर आले. त्यांनी हाक मारली. मी थांबले नाही.

१९ जुलै

ओटा रिकामा. आबा गावी गेले का, असं विचारलं तर सुगंधाबाई म्हणाल्या, "कोण आबा?"

थट्टा वाटली. पण त्यांनी चहाचा एक कप जास्त ओतला होता आणि तो कुणाचा, हे त्यांनाच आठवेना. ओट्याची फरशी एका जागी गुळगुळीत झिजली आहे. तेवढंच उरलंय.

२३ जुलै

हितेंद्रलाही आठवत नाहीत. मोठ्या यंत्रावरचा मूळ खेळ लावला. तिथंही ओटा रिकामा. तो म्हणाला, इथं कधीच कुणी नव्हतं. मी आबांचं चित्र पुन्हा काढायला बसले. काठी जमली. हात जमले. चेहरा येईना. रोज त्यांच्या समोरून जात होते, पाहिलंच नव्हतं —

२९ जुलै

भरदुपारी खेळ तपासत होते. खेळातलं दार वाजलं. काठीनं. खेळात काठीचा आवाज कुणी घातलेलाच नाही.

मुठीच्या प्रसंगात ‘पुना’ लिहिलं. अक्षरं उमटली, पुसली गेली. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. पुसणाऱ्याच्या हातानं नाव लागत नसावं.

१ ऑगस्ट

हितेंद्रला आणखी जागा हवी होती. वरच्या खिडकीतली भाडेकरू बाई त्यानं काढून टाकली. तिला प्रसंगात काम नाही, जागा अडवू नये. माझंच वाक्य, माझ्याच ठेक्यात. मी ओरडले. त्यानं वळून पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, कुणाला भेटायचंय?

२ ऑगस्ट

सुगंधाबाई गहू काढत होत्या. एकेक नाव घेऊन. मी उंबऱ्यात उभी. शेवटी हात थांबला. कुणाचीतरी राहिली, म्हणाल्या. माझ्याकडे बघूनच म्हणाल्या — मग परात सारली.

आज दोन कप जास्त.

३ ऑगस्ट

खाली कानबाई बसली. गाणी चालू आहेत. खोलीला बाहेरून कुलूप — रिकामी आहे म्हणतात. खेळ उद्या तुमच्याकडे येतो. ही पानं त्यालाच जोडते आहे.

जिन्यावर काठी. थांबते. पुन्हा —

दाराशी. आवाजात राग नाही. तेच सोसवत नाही.

"काय नाव शे तुनं, बेटी?"

लक्षात ठेवतो म्हणाले होते. आणि मी त्यांना —

मित्रांनो, मावशी विचारील, आणखी कुणाच्या नावानं? तेव्हा लिहा: पुना. माझ्या हातानं लागत नाही, तुमच्या हातानं लागेल. आधी पुना. मग जागा उरलीच तर खिडकीतल्या बाईचं. तिचं नाव प्र—