मावशीच्या चुलीचे सहा टक्के

कुमासी, ३ जून १९९८

ती. स्व. देदेई मावशीस ओदार्तेचा सा. न. वि. वि.

तू भरून पाठवलेली प्रश्नावली पोचली. ‘व्यवसायातील अडचणी’ या रकान्यात समोरच्या त्सोत्सोचं नाव दोनदा होतं, ते मी खोडलं.

प्रबंध जुळत आला. त्यात केंक्यांची ओळख मी ‘आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, पानांत बांधून शिजवलेले गोळे’ अशी दिली आहे. उत्पादन होतं ते कष्ट आणि भांडवलातून, म्हणजे तुझ्या बायका आणि पातेली यांतून, असं आमची पुस्तकं सांगतात. मी धाडस करून सरपणही गणितात घेतलं. तुझ्या खर्चात सरपण शंभरात सहा, म्हणून उत्पादनातला त्याचा वाटाही सहाच धरायचा, अशी रीत आहे. घातांकाचं गणित म्हणतं, सरपण निम्मं झालं तरी केंके शंभरातले चारच कमी होतील! प्रा. अमोआको खूश आहेत. तोंडी परीक्षा सव्वीस तारखेला.

गुडघा शेकत जा. लोभ आहेच.

तुझा ओदार्ते

तेशी, ११ जून

चि. ओदार्तेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळामास्तरांकडून अंगणात मोठ्यानं वाचून घेतलं. त्सोत्सोला ऐकू जावं म्हणून दोनदा.

बाबा, पत्र अगदी देवासारखं धावून आलं बघ. बंदराचा म्हातारा नाखवा गेला, शनिवारी त्याचं कार्य आहे. माझ्याकडे तीनशे केंके सांगितलेत, मक्याचं पीठही आंबून तयार आहे. आणि लाकडाचा ट्रक आठवडाभर आलेला नाही, सरपण निम्मंच उरलंय. नाही म्हणायला निघालेच होते. पण तसं केलं तर वीस वर्षांचं बंदराचं काम समोरच्या दारात जाणार. आता घोर मिटला. शंभरात चार कमी होणार, म्हणून तीनशे तेरा वळते. हिशेब मास्तरांनी तपासलाय. घरात शिकलेलं माणूस असावं ते यासाठी.

तुझी मावशी

तेशी, १७ जून

चि. ओदार्तेस आशीर्वाद, पण जरा कमी.

तुझे ते तेरा केंके कमी झालेच नाहीत. तीनशे तेराच्या तीनशे तेरा हजर, आणि सगळे कच्चे. अर्ध्यातच चूल विझली. सहा बायका चार पातेल्यांभोवती बसून राहिल्या. मी त्यांना म्हटलं, अगं, तुम्ही आणि पातेली मिळून शंभरात चौऱ्याण्णव आहात, काहीतरी करा की!

नाखव्याची बहीण हंबरडा फोडत होती, घास तोंडात गेला आणि एकदम गप्प झाली. लोकांना वाटलं, सावरली. मग ती थुंकली.

शेवटी त्सोत्सोच्या दारी गेले. तिनं लाकूड दिलं, वर भाचा हल्ली कितवीत आहे तेही विचारलं. पुन्हा शिजवून वाढेपर्यंत निम्मे पाहुणे उपाशी परतले होते. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, तेव्हा बंदरची मंडळी बसली आणि काम तिला दिलं. मी खूप रडले.

अरे, सरपण पातेल्याच्या शेजारी नसतं, खाली असतं. दुप्पट घातलं म्हणून केंके दुप्पट होत नाहीत, नुसती पानं करपतात. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू फक्त किंमत विचारलीस.

आता माझं ऐक. आकडा आहे तसा राहू दे आणि पदवी घे. तुझ्या प्राध्यापकांना कुठे केंके शिजवायचेत?

मावशी

कुमासी, २७ जून

ती. स्व. मावशीस ओदार्तेचा खाली मान घालून सा. न.

तुझं ऐकलं नाही. परीक्षेत माझंच गणित पुसलं आणि नवं मांडलं. ठरावीक केंक्यांना ठरावीक सरपण लागतंच. ते कमी पडलं तर बायका आणि पातेली नुसती बसून. पदवी डिसेंबरवर गेली.

येत्या मंगळवारी मी तेशीला येतोय. बंदरच्या मंडळींपुढे रीतीप्रमाणे दारूची बाटली ठेवून चूक माझी होती हे कबूल करणार आहे. काम परत मिळेल की नाही, ठाऊक नाही.

प्राध्यापक फार चिडले. जगभरची पुस्तकं जो आकडा धरून चालतात, तो टाकणारा तू कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, त्या आकड्यावर विश्वास ठेवून चूल पेटवणारं माणूस अख्ख्या जगात एकच निघालं, आणि ती माझी मावशी होती.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझाच
ओदार्ते